मधली रेघ

घाटकोपरला पंतनगरच्या एका जुन्या इमारतीत मला लाकडी पार्टिशन टाकायचं होतं. मी फर्निचर करते; माप घेणं आणि रेघ आखणं कुणावर सोडत नाही. वडील गेल्यावर शरच्चंद्र आणि मुकुल या भावांना त्यांची खोली अर्धी अर्धी हवी होती. दोघं माझ्याशीच बोलत, तेही ओरडून.

"मध्य म्हणजे मध्य," शरच्चंद्र म्हणाले. "नंतर कटकट नको."

मी लेझरने माप घेतलं, कोपऱ्यांना गुण्या लावून काटकोन पाहिला, दोरी ताणून फरशीवर निळी रेघ उठवली. दोन्ही बाजू सारख्या.

मुकुलने स्वतःची टेप लावली. "नंदाताई, माझी बाजू चार बोटं कमी आहे."

मी मापली. खरंच कमी होती.

"म्हणजे माझी जास्त? दाखव!" शरच्चंद्रांनी टेप हिसकावली. त्यांचीही तेवढीच कमी भरली.

माझं डोकं फिरलं. बाहेर पॅसेजमध्ये लेझर आणि टेप ताडून पाहिली. बरोबर. प्लायवर गुण्याने रेघ ओढली, गुण्या उलटा करून पुन्हा ओढली. रेघेवर रेघ बसली. खोलीची भिंत पॅसेजच्या बाजूने मापली, तर सकाळी होती तेवढीच होती.

आत मात्र पंख्याचं पातं भिंतीला घासायला लागलं होतं. टक्. टक्. चुन्याचा भुगा दोघांच्या डोक्यावर पडत होता.

"आता मापू नका," मी म्हणाले. "पंखा बघा आधी."

"तू त्याच्या बाजूची आहेस!" मुकुल किंचाळला.

"बाबांना दवाखान्यात मी न्यायचो," शरच्चंद्र म्हणाले.

"आणि रात्री उशाशी कोण बसायचं रे?"

पुन्हा टेप. पुन्हा कमी. कपाट सरकत येऊन माझ्या पाठीला टेकलं. ते कुणी ढकललं नव्हतं.

"मापत बसा मग!" मी ओरडले आणि बाहेर पडले. घरी पोचल्यावर पिशवी उघडली. लेझर तिथेच राहिला होता.

तो आणायला पुढच्या आठवड्यात भर दुपारी गेले. शरच्चंद्रांच्या बायकोने, वसुधावहिनींनी, दार उघडलं. त्या खोलीकडे बोट दाखवून स्वयंपाकघरात गेल्या.

खोलीचं दार हातभर उघडलं आणि अडलं.

आत अंधार होता. दोघांचे आवाज एकाच जागेवरून येत होते.

"सरक."

"तू सरक."

मी खांदा लावून दार रेटलं. पलीकडून काहीतरी उबदार मागे रेटत होतं.

वहिनी आल्या. पोळीत भाजी घालून केलेली गुंडाळी त्यांनी फटीतून आत धरली. एका हाताने ती घेतली.

"एकच?" मी विचारलं.

"आधी दोघांना वेगवेगळी लागायची," वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या. "आता एकीतच भागतं."