बरे असाल तर एक दाबा

राडोस्टिनाची नोकरी कायम होणार की नाही, हे शुक्रवारी सकाळी नऊला ठरणार होतं, आणि ते ठरवणार होते चाळीस हिरवे ठिपके.

रुसे शहरातल्या त्या छोट्या कंपनीनं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एक सोय काढली होती. रोज सकाळी त्यांना आपोआप फोन जायचा: 'बरे आहात ना? बरे असाल तर एक दाबा.' कुणी दाबलं नाही, की मुलांना निरोप. मुलांचा रोज फोन करायचा त्रास वाचावा, इतका उदात्त हेतू. या सोयीचा कोड नीट चालतो का, हे तपासणारी स्क्रिप्ट राडोस्टिनानं लिहायची होती. तिनं त्यासाठी कोडमध्येच एक खोटा फोन रचला. ना तार, ना नंबर. तो कधीच कुणी उचलत नसे. चाळीस जणांना फोन, चाळिसांकडून उत्तर नाही, चाळीस निरोप रवाना, की पडद्यावर चाळीस ठिपके हिरवे, म्हणजे सगळं ठीक.

नावं तेवढी हवी होती. खऱ्या ग्राहकांची वापरायला मनाई.

"दारावर बघ की," शेजारच्या टेबलावरचा मोमचिल चीज भरलेली बानित्सा चघळत म्हणाला. "फुकट नावं, फोटोसकट. एक जण तक्रार करणार नाही."

ऑफिसच्या इमारतीच्या दारावर, शहराच्या रिवाजाप्रमाणे, मेलेल्यांचे कागद चिकटवलेले होतेच: नुकत्याच गेलेल्यांचे, जाऊन चाळीस दिवस, सहा महिने, वर्ष झालेल्यांचे. राडोस्टिनानं एकोणचाळीस नावं तारखांसकट उतरवली. चाळिसाव्यासाठी पुन्हा जिना उतरायचा कंटाळा आला, म्हणून तिनं आईचं नाव घातलं.

"अगं बाई!" मोमचिल दचकला. "अपशकुन नको, लाकडावर टकटक कर आधी."

"टेबल प्लास्टिकचं आहे," राडोस्टिना म्हणाली.

संध्याकाळी गावी फोन करून तिनं ही सोय सांगितली, तर आई हसत सुटली. "मला कसला एक दाबायला सांगतेस? माझ्या फोनला चकती आहे, बये! बटणं कुठायत? त्यापेक्षा रविवारी ये. मिरच्या भाजायच्यात."

"शुक्रवार होऊ दे गं. मग बघते."

मंगळवारी सात ठिपके तांबडे झाले.

'अपेक्षित: उत्तर नाही. आलेलं: १.'

राडोस्टिनानं खोट्या फोनचा कोड उघडला. अकरा ओळी. त्यात १ कुठेच नव्हता. मोमचिल टिंगल करत उठून आला, त्यानंही त्या अकरा ओळी वाचल्या, आणि त्याचं चघळणं थांबलं.

बुधवारी तांबडे सहा. सातवा, वेन्को ताबाकोव नावाचा कुलूपवाला, आता शहाण्यासारखा गप्प होता. जेवायला खाली उतरताना तिला दारावर त्याचाच नवा कागद दिसला. चाळीस दिवस. खळ अजून ओली होती.

गुरुवारी पाच. दारावर एका बाईचा नवा कागद.

तिनं तारखा मांडून पाहिल्या. तांबड्यांपैकी एकालाही जाऊन चाळीस दिवस झाले नव्हते. चाळीस दिवस जीव घरातच घुटमळतो, असं गावी म्हणत.

"साहेबांना काय सांगणार आहेस?" मोमचिल हळूच म्हणाला. "मेलेले मजेत आहेत म्हणून?"

दोघंही हसले नाहीत.

"त्या पाच जणांना काढ. वर्षापूर्वी गेलेले घाल. खाली काय कमी आहेत?"

तिनं तसं केलं. चाळीसच्या चाळीस हिरवे. त्या आनंदात आईला फोन करायचा राहिला.

शुक्रवारी नऊला त्सोनेवसाहेब कॉफीचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. तिनं स्क्रिप्ट चालू केली. ठिपके एकेक उमटत गेले.

एकोणचाळीस हिरवे.

"एकच तर आहे," मोमचिल म्हणाला. "काढून टाक ना. कुणाचं आहे ते..."

तो थांबला.

'अपेक्षित: उत्तर नाही. आलेलं: १.'

चाळिसावं नाव.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. राडोस्टिनानं गावचा नंबर लावला.

बेल वाजत राहिली. बराच वेळ.

मग थांबली. पलीकडे फोन उचलला गेला होता.

"आई?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई, बरी आहेस ना?"

चकतीच्या त्या फोनवरून बटण दाबल्याचा बारीक आवाज आला. एकदाच.