सतराव्या बरणीची चूक

कपाटाच्या वरच्या फळीवर चोवीस खाचा होत्या आणि तेवीस बरण्या. मधल्या फळीवर जुन्या तांदळाच्या नऊ बरण्या. खाली शिशाच्या सहा विटा, हातमोज्यांचे दोन खोके, एक तराजू. सतरा क्रमांकाची खाच रिकामी होती.

अपूर्वाने दोनदा मोजलं. मग प्रयोगशाळेचे प्रमुख होशिनो सेन्सेईंना बोलावलं.

क्योतोतल्या त्या प्रयोगशाळेत येऊन तिला एकच महिना झाला होता. भूकंप आणि अणुभट्टीच्या अपघाताला दीड वर्ष उलटलं होतं. ईशान्येकडच्या एका गावाने चोवीस शेतांचा तांदूळ तपासायला पाठवला होता. एका बरणीत एका शेताचा, बरोबर एक किलो. किरणोत्सार किलोमागे शंभर बेकरेलपर्यंत असेल तर विकता येतो. त्याहून जास्त असेल तर नाही. सतराची पहिली मोजणी १३८ आली होती आणि आज, सोमवारी, तिची फेरमोजणी होती.

सेन्सेईंनी रिकामी खाच पाहिली. "मिसिंग की लॉस्ट?"

मिसिंग म्हणजे जागेवर नाही, शोधायची बाकी. लॉस्ट म्हणजे शोधून थकलो. जपानी आणि भारतीय माणसं एकत्र काम करत, म्हणून नोंदी इंग्रजीत असत. अशा जवळजवळच्या शब्दांचा एक तक्ता सेन्सेईंनी दारामागे लावला होता आणि तो पाळला जावा असा त्यांचा आग्रह असे.

"मिसिंग," अपूर्वा म्हणाली.

सामाईक संगणकावरच्या नोंदवहीत मात्र शनिवारची एक ओळ होती. 'सतरा. एररमुळे टाकून दिली.' पुढे आद्याक्षरं, के. डी.

के. डी. म्हणजे कादंबरी दामले. पीएचडीचं तिसरं वर्ष. शनिवारची पाळी तिचीच होती.

"मी हे लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "संगणक उघडाच असतो. कुणीही लिहू शकतं."

"शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर तुम्हाला प्रकल्पातून काढावं लागेल," सेन्सेई म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. कादंबरीचा अख्खा प्रबंध याच प्रकल्पावर उभा होता.

कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. कादंबरी, पोस्टडॉक सौमित्र आणि तंत्रज्ञ ओगी-सान. शनिवारी तिघेही येऊन गेले होते.

अपूर्वा आधी ओगी-सानकडे गेली.

"टाकलेले नमुने कुठे जातात?"

"कुलपातल्या पिंपात. रोज वजन करतो."

"शुक्रवारी किती होतं?"

"बारा किलो चारशे."

"आज?"

"बारा किलो चारशे."

"दुसऱ्या कचऱ्यात गेली असेल?"

ओगी-सान हसले. "अपूर्वा-सान, इथे दुधाचा रिकामा खोका चुकीच्या पिशवीत गेला तरी कचरावाले पिशवी परत पाठवतात. किलोभर तांदूळ?"

"कुणी घरी नेली असेल तर?"

"आत पिशवी न्यायला बंदी आहे. बरणी खिशात मावत नाही."

सौमित्र चहा घेत होता. एप्रिलमध्ये आलेला. कराराचं नूतनीकरण याच आठवड्यात.

"या, डिटेक्टिव्ह-सान. कुणाला बेड्या घालताय?"

"सौमित्रदादा, सतराची पहिली मोजणी तू केलीस ना?"

"केली. आकडा आला, गावाला कळवला. पुढे?"

"बरणी कुणी टाकली असेल?"

"लिहिलंय की तिथे. कादंबरी थकते गं हल्ली."

"एररमुळे बरणी कशी टाकतात?"

"एरर काय, मिस्टेक काय, आपल्याकडे दोन्ही चूकच. त्या तक्त्यापायी माझं मराठी बिघडायचं."

अपूर्वाने दोन दिवस बसून एप्रिलपासूनच्या सगळ्या नोंदी वाचल्या. एक वही करून त्यात रेघा मारत गेली. बुधवारी दुपारी सेन्सेईंच्या खोलीत पाचही जण होते.

"तक्त्याप्रमाणे," ती म्हणाली, "एरर म्हणजे मोजणीतली अनिश्चितता, आकड्यापुढचं अधिक-उणे. ती प्रत्येक मोजणीत असते. मिस्टेक म्हणजे माणसाने केलेली चूक. एररमुळे कुणी नमुना टाकत नाही, पुन्हा मोजतो. कादंबरीताईने एरर एकतीस वेळा लिहिलंय आणि एकतीसही वेळा पुढे आकडा आहे. स्वतःच्या हातून चुकलं तेव्हा चार वेळा मिस्टेक लिहिलंय, नावानिशी. ओगी-सानच्या भाषेत दोन्हींना वेगळे शब्द आहेत. त्यांच्या नोंदींत गोंधळ एकदाही नाही."

"आणि माझ्या?" सौमित्रने विचारलं.

"सहा वेळा. 'एररने सांडलं', 'लेबलची एरर'. मिस्टेक एकदाही नाही."

"शब्दावरून माणूस चोर ठरतो का?"

"नाही. म्हणून आकडे बघितले. सोळा, सतरा, अठरा ही शेतं एकमेकांना लागून आहेत. सोळा ७१, अठरा ६६. मधलंच १३८ कसं? यंत्राला वजन आपण सांगतो. एक किलोऐवजी अर्धा सांगितला, तर उत्तर दुप्पट येतं."

सौमित्रने कप खाली ठेवला.

"फेरमोजणीत ते उघड झालं असतं. पण बरणी पिंपात टाकली तर वजन वाढणार, बाहेर नेता येणार नाही. म्हणजे ती आतच असणार. सोमवारी मी मधल्या फळीवर नऊ बरण्या मोजल्या होत्या. अपघाताच्या आधीचा तांदूळ तुलनेसाठी ठेवलाय त्यांत. यादीत आठच आहेत."

ओगी-सान उठले. परत आले तेव्हा दोन्ही हातांत एकेक बरणी होती. दोन्हींवर पाच क्रमांक. एकीचं लेबल नवं होतं. त्यांनी ते नखाने सोललं. खाली सतरा.



"शुक्रवारी संध्याकाळी लक्षात आलं," सौमित्र म्हणाला. "आकडा गावाला कळवून झाला होता. करार व्हायचा होता." तो कादंबरीकडे बघत नव्हता. "तू जुनी आहेस. तुला माफ करतील असं वाटलं."

"मला विचारलं असतंस," कादंबरी म्हणाली, "तर मिस्टेक कसं लिहायचं ते सांगितलं असतं. एक ओळ लागते."

सेन्सेईंनी शनिवारची ओळ खोडली नाही. तिच्याखाली सौमित्रला खरी नोंद करायला लावली. मिस्टेक, आणि पुढे पूर्ण नाव.

ओगी-साननी बरणी तराजूवर ठेवली. बरणीचं वजन वजा जाता १.००० किलो. त्यांनी ती यंत्रात ठेवून शिशाचं झाकण लावलं आणि यंत्रात भरलेला वजनाचा आकडा कादंबरीला मोठ्याने वाचायला सांगितला.

गुरुवारी सकाळी कागद बाहेर आला.

क्रमांक १७ : ६९ ± ४ बेकरेल प्रति किलो.