एकाच जागी झिजलेले पैसे

पारखीने नाझनीनचं नाणं उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं आणि शांतपणे सांगितलं, "एकाहत्तर टक्के. हे नाणं नकली आहे."

शाल्मली शेजारीच उभी होती. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं.

"परत बघ ना," ती म्हणाली.

"पाहतो. पण उत्तर तेच येईल. मला कंटाळा येत नाही, तुम्हाला येईल."

पारखी म्हणजे मिरजेच्या त्यांच्या शाळेतल्या नाणेमंडळाचा यंत्रमानव. दिसायला शिलाई मशीनसारखा. लांब मान, मानेच्या टोकाला भिंग आणि हातांच्या जागी दोन नाजूक चिमटे. व्यवहारातून नाणी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दुकानात नुसता तळहात दाखवला की काम भागायचं. आणि एखादी वस्तू वापरातून गेली रे गेली की ती जमवायची हुक्की लोकांना येते, तसंच झालं. पोराटोरांना जुन्या नाण्यांचं वेड लागलं. सगळ्यांत लाडका होता भोकाचा पैसा. इंग्रजांच्या काळातला, महायुद्धात धातू वाचवायचा म्हणून मध्ये गोल भोक ठेवलेला. काही फार दुर्मीळ नव्हे हं. पण दिसायला इतका गोड, की प्रत्येकाला एक तरी हवाच.

शाल्मलीकडे होता. वाढदिवसाला मिळालेले सगळे पैसे घालून तिने तो एका ऑनलाइन दुकानातून मागवला होता. मंडळातल्या जवळजवळ सगळ्यांनी तिथूनच घेतला होता, आणि पारखीने त्या सगळ्यांना शंभर टक्के दिले होते.

नाझनीनने मात्र विकत घेतला नव्हता. तिचे खापरपणजोबा तान्हे असताना नजर लागू नये म्हणून हा पैसा काळ्या दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात बांधला होता. तेव्हा तशी रीतच होती. कुणी गळ्यात बांधायचं, कुणी कमरेच्या करदोट्यात. तेव्हापासून तो घरात जपून ठेवलेला.

"नाझ, मनाला लावून घेऊ नकोस," मंडळाचा अध्यक्ष यशोधन म्हणाला. "पण नियम तुला माहितीये. नकली नाणं आणणारा वर्षभर मंडळाबाहेर. उद्याच्या प्रदर्शनातही नाही."

"अरे पण ती कशाला खोटं आणेल?" शाल्मली म्हणाली.

"मी कुठे म्हणतोय तिने मुद्दाम आणलं? यंत्र म्हणतंय."

नाझनीनने नाणं उचललं आणि मुठीत धरलं. "अब्बूंनी पेटीतून काढून दिलाय. आता घरी काय सांगू? की तुम्ही सगळे इतकी वर्षं खोटा पैसा जपत होता?"

शाल्मलीचं डोकं पार भंजाळून गेलं. पारखी खोटं बोलत नाही, त्याला येतच नाही. नाझनीन खोटं बोलत नाही, तिला येतं, पण लगेच हसू फुटतं. मग खोटं आहे तरी कोण?

"पारखी, तू घनता तपासलीस का?" तिने विचारलं. घनता (ठरावीक जागेत किती वस्तुमान ठासून भरलंय त्याचं माप) त्यांना नुकतीच शिकवली होती आणि शाल्मली ती सध्या सगळीकडे वापरून बघत होती.

"तपासली. या नाण्याची आणि बाकीच्यांची घनता सारखीच आहे. सगळी कांस्याची (तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाची) आहेत. आजकाल कुठलाही धातू छापता येतो. धातूवरून मला काही सांगता येत नाही. म्हणून मी मंडळाने दिलेल्या नमुन्याच्या पैशाशी ताडून बघतो. जितकं जुळेल तितकं खरं."

हे ऐकून शाल्मलीचा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

प्रदर्शनाची मांडणी तिच्याकडे होती. हाताला काम दिलं की डोकं चालतं असा तिचा अनुभव होता, म्हणून ती मखमलीवर भोकाचे पैसे मांडायला लागली. सगळे मुकुट वर, सगळे सरळ. मांडून झाल्यावर ती दोन पावलं मागे सरकली आणि तिथेच थांबली.

प्रत्येक भोकाच्या कडेला एक इवलीशी खाच होती. मुकुटाच्या किंचित डावीकडे. कवायतीला उभ्या राहिलेल्या पोरांसारख्या सगळ्या खाचा एका रेषेत.

"ही खाच कसली रे?"

"दोऱ्याची," पारखी म्हणाला. "दोऱ्यात धूळ अडकते. ती कानशीसारखी घासत राहते. वर्षानुवर्षं घासून कांस्यही झिजतं."

"नाझ, तुझा पैसा दाखव."

नाझनीनच्या पैशालाही खाच होती. पण ती खाली, सालाच्या आकड्याजवळ.

"बघितलंस? वेगळी जागा," यशोधन म्हणाला. "म्हणूनच मार्क गेले."

शाल्मलीला काहीतरी टोचत होतं, पण काय ते हाती लागेना. खऱ्याशी जुळतं ते खरं, यात चुकीचं काय? तरी पण एवढ्या बाळांच्या एवढ्या आयांनी दोरा नेमका मुकुटाच्या डावीकडेच कसा बांधला? ठरवून? आणि एकदम तिला विज्ञान शिकवणाऱ्या पाटोळेबाई आठवल्या.

"यशोधन, मागच्या परीक्षेत तू आणि तुझ्या बाकावरच्याने काय लिहिलं होतं? बुरशी ही एक..."

"नको ना तो विषय," यशोधन म्हणाला.

"'बुरशी ही एक लाजरी वनस्पती आहे,'" नाझनीनने वाक्य पूर्ण केलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदा हसली.

"बाईंनी कसं पकडलं? तुमची बरोबर उत्तरंही सारखीच होती. त्यावरून का नाही पकडलं?"

"बरोबर उत्तरं सगळ्यांचीच सारखी असतात," यशोधन पुटपुटला. "पुस्तकातून येतात ती."

"आणि चुका?"

"चुका ज्याच्या त्याच्या डोक्यातून..." तो मध्येच थांबला.

पारखीची मान हळूहळू वर आली. "बोलत राहा," तो म्हणाला. "मला हे कुणी शिकवलेलं नाही."

"म्हणजे बघ," शाल्मली भराभर बोलायला लागली, "मुकुट, अक्षरं, साल हे टांकसाळीच्या ठशातून (ज्याने नाण्यावर चित्र उमटवतात त्या साच्यातून) येतं. ते सगळ्या नाण्यांवर सारखंच असणार. पण खाच ठशातून येत नाही. नाणं ज्या घरात गेलं तिथे ती पडते. नाण्यागणिक वेगळी."

"अशांना स्वतंत्र घटना म्हणतात," पारखी म्हणाला. "म्हणजे एकीचा दुसरीवर काहीच परिणाम होत नाही. भोक ही घड्याळाची तबकडी समजा. खाच बारापैकी कुठल्याही आकड्यापाशी पडू शकते. दुसऱ्या नाण्याची खाच पहिल्याच्याच आकड्यापाशी पडण्याची संभाव्यता (शक्यता किती, याचं माप) बारात एक. तिसऱ्याचीही तिथेच? बारा गुणिले बारा, एकशे चव्वेचाळीसात एक. चौथ्याचीही? सतराशे अठ्ठावीसात एक. या मखमलीवरच्या सगळ्यांची एकाच जागी..." त्याचा दिवा जरा वेळ लुकलुकत राहिला. "आकडा सांगू शकतो, पण तोवर शाळा सुटायची घंटा होईल."

"म्हणजे त्या पडलेल्या नाहीत. छापलेल्या आहेत," नाझनीन म्हणाली. "एकच झिजलेला पैसा घेतला आणि त्याच्यावरून सगळे काढले. खाचेसकट."

"पण पारखी, तुझा नमुना?" यशोधनने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याचा चेहरा पडला. मंडळ सुरू झालं तेव्हा नमुन्याचा पैसा त्यानेच आणला होता. त्याच दुकानातून.

"नमुन्यालाही तीच खाच आहे," पारखी म्हणाला. "नमुना खरा समज, असं मला सांगितलं होतं. मी समजलो."

शाल्मलीचा हात आपल्या पैशावर गेला. उलगडा झाल्याच्या आनंदात तिच्या हे लक्षातच आलं नव्हतं. मखमलीवर पहिल्या ओळीत, शंभर टक्क्यांच्या चिठ्ठीसह तो चमकत होता. तिच्या वाढदिवसाचा पैसा. गप्प राहिलं असतं तर तो खरा राहिला असता. तिला क्षणभर खूप वाईट वाटलं, मग तिने तो उचलून बाजूला ठेवला.

"हा नकली. लिहून घे, पारखी."

यशोधनने आपला पैसा तिच्या पैशाजवळ ठेवला. मग नाझनीनकडे वळून म्हणाला, "सॉरी. तुझा मध्यभागी ठेवूया?"

"ठेव. पण हे नकलीही मांडा ना," नाझनीन म्हणाली. "सगळे एका रांगेत, खाचा दिसतील असे. लोक येतील, आपापल्या घरचे पैसे पडताळून बघतील."

"माझा नियम बदलावा लागेल," पारखी म्हणाला. "चित्र जुळायला हवं, झीज जुळता कामा नये. दुसऱ्या शाळांच्या यंत्रांनाही कळवू का?"

"कळव," शाल्मली म्हणाली. ती अजून त्या इवल्याशा खाचेकडेच बघत होती. "आणि त्यांना हेही विचार, अशी खाच असलेला जुना पैसा कुणाच्या घरात आहे का. हे सगळे पैसे नकली आहेत, पण खाच तर खरी आहे ना? ती खऱ्या दोऱ्याने पडलीये. म्हणजे तो मूळ पैसा कुठेतरी आहे, आणि तो कुठल्यातरी बाळाच्या अंगावर होता."

"मिळेल तो?" नाझनीनने विचारलं.

"खाच कशी दिसते ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे," पारखी म्हणाला, आणि त्याने मान लांब करून खाचेचं पहिलं छायाचित्र काढलं.