बोटाआधीचा सूर

ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस म्हणून उमेदीची सारी वर्षे घालवलेल्या रंगनाथरावांना कारणावाचून काहीही घडलेले खपत नसे. निवृत्तीनंतर वाद घालायला माणसे उरली नाहीत, म्हणून ते पत्नीशी वाद घालीत. साधनाताई देवळाली कॅम्पातल्या शाळेत पियानो शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वादात बहुधा त्याच हरत, कारण मध्येच त्यांना हसू फुटे.

गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरात एक पियानो होता. बदली होऊन निघालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून तो घेतलेला. वरून जुन्या वळणाचा, आत खऱ्या तारा आणि लोकरीच्या नमद्याने मढवलेल्या हातोड्या. पण खालचा खटका ओढला की एक आडवा दांडा हातोड्यांना तारांपाशी पोचूच देत नसे. मग प्रत्येक पट्टीखालचा सेन्सर बोटाची हालचाल टिपी आणि सूर फक्त हेडफोनमध्ये उमटे. खोलीत बसलेल्याला ऐकू येई ती नुसती लाकडाची टकटक.

दिवाळीनंतर साधनाताईंना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. तो हात परत यावा, एवढेच आता त्या घराचे मागणे होते. आपल्या चुका कोणाच्या कानी पडू नयेत म्हणून त्या खटका ओढून सराव करू लागल्या.

"अहो, ह्याच्यात काहीतरी बिघाड आहे," एके सकाळी त्या म्हणाल्या. "सूर लवकर येतो."

"उशिरा येत असेल. यंत्राला हिशेब करायला वेळ लागतो."

"लवकर आणि उशिरा मला कळत नाही होय?"

"तुला आमटीतलं मीठ कळत नाही."

"कळतं. आमटी तुम्ही करता, म्हणून बोलत नाही."

रंगनाथरावांनी पियानोची खालची फळी उतरवली. सेन्सर पुसले. लोडशेडिंगमुळे वीज कमीजास्त होत असेल म्हणून स्टॅबिलायझर बसवला, हेडफोन बदलला, सर्किट बोर्डावरचे सांधे भिंगाखाली पाहून दोन ठिकाणी नवे डाख दिले. साधनाताईंचे म्हणणे मात्र बदलेना.

कारखान्यात एक रीत होती. एकाच पुर्ज्याची तपासणी दोघांनी करायची आणि एकाने दुसऱ्याचे माप पाहायचे नाही. तीच रीत त्यांनी घरी लावली. मखमलाबादच्या मळ्यातली शेवंती बाजारात पोचवून नवसाबाई रोज साधनाताईंच्या हाताला तेल चोळायला येई. तिला त्यांनी भिंतीकडे तोंड करून बसवले आणि कानांवर हेडफोन चढवला.

"सूर ऐकू आला की बोट वर करायचं. मागं बघायचं नाही."

"साहेब, लय गंमत हाय तुमची. माह्या नवऱ्यानं पाहिलं तर म्हणंल, बाई विमान चालवाया लागली."

साधनाताईंनी पट्टी दाबायला उजव्या हाताचे बोट उचलले. ते खाली येण्याआधीच नवसाबाईचे बोट वर गेले. रंगनाथरावांनी पुन्हा वाजवायला लावले. पुन्हा तेच. मग त्यांनी पत्नीला खुणेने थांबायला सांगितले. नवसाबाईचे बोट मांडीवरच राहिले. त्यांनी स्वतः पट्टी दाबली, तेव्हा सूर आणि बोट बरोबर आले. साधनाताई वाजवायला बसल्या, तरच सूर पुढे जाई.

"बोर्डच काढून टाकतो," ते म्हणाले.

"काढू नका," साधनाताई घाईने म्हणाल्या आणि हेडफोन त्यांनी आपल्या कानांवर घेतला. "सूर कानात आला की हे बोट आपोआप त्याच्यामागे जातं. बघा."

डाव्या हाताची करंगळी हळूच खाली गेली. झटक्यानंतर ती हललेली रंगनाथरावांनी प्रथमच पाहिली.

रंगनाथरावांच्या तोंडी निदान चार आक्षेप तयार होते. त्यांनी फळी जागेवर लावली आणि चहा टाकायला ते स्वयंपाकघरात गेले.

पुढचे महिने फार सुखाचे गेले. हात सुधारत गेला, डॉक्टरांनी कौतुक केले. सकाळी उन्हाची तिरीप पियानोवर येई, साधनाताई वाजवीत आणि रंगनाथराव समोर मटार सोलत बसत; वाजवून झाले की पट्ट्यांवरून फडके फिरवायचे काम त्यांचे. सूर मात्र हळूहळू अधिक पुढे धावू लागला. आधी एका ओळीने, मग अख्ख्या रचनेने. एकदा नवसाबाईने गमतीने हेडफोन लावला आणि ती गोंधळली.

"ताई, तुमचं तर वाजवून झालं. मंग आता काय करून राहिल्या?"

"झालेलं वाजवतेय," साधनाताई हसल्या. "चुकायची भीतीच नाही."

होळीपर्यंत आज वाजवताना कानात उद्याचा सराव येऊ लागला होता. चैत्रातल्या एका सकाळी त्या सुरेख वाजवीत होत्या. दोन्ही हात सारख्याच सहजपणे फिरत होते. वाजवता वाजवताच त्या म्हणाल्या, "अहो, आज ह्यात काहीच येत नाही."

रंगनाथरावांना बरे वाटले. अखेर एक सरळ बिघाड! हेडफोनची तार पाहिली, आवाजाची कळ पाहिली. बोर्डावरचा हिरवा दिवा लागलेला होता. सगळे ठीक होते. त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला.

"तू वाजव. मी ऐकतो."

समोर तिची बोटे पळत होती.

कानात शांतता होती.

बराच वेळ.

मग अगदी खालच्या टोकाचा एक सूर आला. त्याला चिकटून पुढचा, त्याला चिकटून त्याच्यापुढचा. चाल नाही, ताल नाही, पट्ट्या ओळीने हलकेच दबत चाललेल्या. मध्येच थांबत, पुन्हा पुढे सरकत. वाजवणाऱ्याचा हात असा फिरत नाही. धूळ पुसणाऱ्याचा फिरतो.

"सापडला का हो बिघाड?"

"नाही," रंगनाथराव म्हणाले. "तू थांबू नकोस."

फडके वरच्या टोकाला पोचले. थोड्या वेळाने ते पुन्हा खालच्या टोकापासून निघाले. ह्या खेपेस ते अधिक वेळा थांबत होते.