पायाखालची पावडी

बाबनराव पौनीकरांनी सुरू केलेल्या गोष्टींची मोजदाद करायला बसलं तर सकाळची संध्याकाळ झाली असती. तडीला नेलेल्यांसाठी एका हाताची बोटंही जास्त झाली असती. आखाड्यातली तालीम, बाजाची पेटी, होमिओपॅथीच्या गोळ्या, मागच्या अंगणातली संत्र्याची कलमं, सगळ्यांचा आरंभ दणक्यात झाला होता. मग चार महिन्यांत पेटीवर घोंगडी पडली आणि कलमं शेजारच्या बकऱ्यांनी खाल्ली. माणूस मनाने चांगला, नोकरीत चोख, पण आरंभशूर.

बाप नत्थूजी मात्र जन्मभर एकाच गोष्टीचे. नागपुरात तांडापेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली, त्यांचा माग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून काठावर बसायचं, पायांनी डावी-उजवी पावडी दाबायची आणि हातांनी आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकायचा. बाबन शाळेतून आला की त्याला शेजारी बसवून ते तुटल्या धाग्याला गाठ मारायला शिकवत. पोराची गाठ दरवेळी उलटी पडे. नत्थूजी कापडाच्या मागून नुसतं बोट फिरवत आणि म्हणत, "हे बाबन्याची."

शाबासकी हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. कुणा शिकाऊ विणकराचं लुगडं मनासारखं उतरलं, तर ते काही न बोलता त्याच्या मागाशी जाऊन बसत आणि पुढच्या लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, आपल्या हाताने जोडून देत. तेवढंच. पेठेतले दोन-तीन विणकर म्हातारपणीही सांगत, मले नत्थूजींनं ताणा जोडून देला होता. बाबनच्या वाट्याला ते कधी आलं नाही. तो मॅट्रिक झाला आणि रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकटला.

नत्थूजी पन्नास साली गेले तेव्हा मागावर जांभळं लुगडं नुकतंच लागलं होतं. वार-सव्वा वार विणून झालं होतं. शेजारचे मारोतराव म्हणाले, "अपुरं कापू नको गा, बाबन. मी बसतो चार रोज, पुरं करून देतो." पण माग विकत घेणारा उमरेडचा माणूस बैलगाडी घेऊन दारात उभा होता आणि बैल उन्हात ताटकळले होते. बाबनरावांनी कातर घेतली, घाईघाईत वाकडंतिकडं कापलं आणि मोकळे झाले. माग गेला. खड्ड्यावर फळ्या पडल्या. घरात एक धोटा उरला आणि तो जांभळा तुकडा. तुकडा वाया जाऊ नये म्हणून मनकर्णाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यात नवऱ्याची गिटार गुंडाळली.

गिटारीची कथाही तीच. सत्तेचाळीस साली साहेबलोक गाशा गुंडाळून गेले, त्यानंतर बेवारस पार्सलांच्या लिलावात ती बाबनरावांनी घेतली. एक पावसाळा वाजवली, बोटांच्या टोकांना घट्टे पडले, मग घट्टेही गेले आणि गिटार खुंटीवर गेली. जांभळ्या तुकड्याचा तिच्याभोवती पुरा एक वेढाही बसत नसे. टोकांना टोकं भिडत नसत, म्हणून वरून सुतळी बांधलेली.

पंचावन्न सालच्या दसऱ्याला हे सगळं पुन्हा खाली उतरलं. विणकराच्या घरी दसऱ्याला हत्याराची पूजा होते. मनकर्णाबाईंनी पाटावर धोटा ठेवला. एकटा धोटा त्यांना बापुडवाणा वाटला असावा.

"दुसरं कोणतं हत्यार आहे जी घरात?" त्यांनी विचारलं.

"पार्सल ऑफिसचा शिक्का आणू काय?" बाबनराव हसले.

बाईंनी खुंटीवरची गिटार तशीच, जांभळ्या कापडासकट, धोट्याशेजारी ठेवली आणि दोन्हींना हळदकुंकू वाहिलं. पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी कामाला लागलंच पाहिजे, नाहीतर ती पूजा नव्हे, देवाची फसवणूक, असा नत्थूजींचा नेम होता. एकेचाळीस वर्षांचा माणूस पाटापुढे पोरासारखा शरमला. ही एक तरी गोष्ट शेवटाला नेईन, असं त्याने मनाशी ठरवलं, आणि या वेळी कुणाला सांगितलं नाही.

दर रविवारी ते सायकलवर मोहननगरात लोबो मास्तरांकडे गिटार शिकायला जाऊ लागले. मास्तर रेल्वेच्या बँडमध्ये वाजवून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी हैराण, स्वभावाने खट्याळ. जन्म नागपूरचा, त्यामुळे बोली थेट इथलीच. त्यांनी एक लांब धून दिली. तिच्या मध्यावर एक अवघड वळण होतं आणि बाबनराव तिथे हमखास घसरत.

"हाथ अच्छा आहे तुमचा, बाबनराव," मास्तर म्हणाले. "पाय खराब आहे. लय पायात राहते. घरी पाय वाजवत बसा, रोज सकाळी."

बसायचं कुठे हा प्रश्न होता. मांडी घालून बसलं की गिटार घसरे. घरात एकच खुर्ची, तिचा एक पाय विटेवर. शेवटी त्यांनी खड्ड्यावरच्या दोन फळ्या काढल्या आणि काठावर पाय सोडून बसले. बैठक अशी जमली की त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. खिडकीतून ऊन नेमकं हातांवर पडत होतं. ते पडावं म्हणूनच तर खिडकी तिथे होती.

दिवाळी गेली, थंडी आली. ड्यूटीवर जाण्याआधी रोज सकाळी बाबनराव खड्ड्यात पाय आपटत वाजवत. बोटं आधी दुखली, मग सोलली, मग त्यांना घट्टे धरले. खड्ड्याचा तळ शेणामातीचा, कडक. टाच दुखे म्हणून त्यांनी खाली तरट टाकलं.

एका सकाळी उजवा पाय खाली टेकला आणि थोडा दबला.

त्यांनी पाय उचलला, पुन्हा टेकला. पुन्हा तसंच. दाबलं की खाली जाई, सोडलं की हळूच वर येई. उंदरांनी पोखरलं असेल म्हणून त्यांनी कंदील घेऊन खाली वाकून पाहिलं. तरट होतं. तरटाखाली कडक तळ होता. मात्र खड्ड्यातून खळीचा वास आला, ताण्याला लावतात त्या तांदळाच्या खळीचा, ताज्या. या घरात खळ शिजून पाच वर्षं झाली होती.

ते पुन्हा बसले आणि वाजवू लागले. त्या दिवशी लय एकदाही सुटली नाही.

लोबो मास्तर खूश झाले, पण त्यांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. त्यांच्याकडे लाकडी पेटीतला एक लंबक होता. किल्ली दिली की टकटक करून लय मोजून दाखवी. मास्तरांनी तो लावला. बाबनराव त्याच्याबरोबर जाईनात. मास्तरांनी लंबक थोडा जलद केला, थोडा संथ केला. जमेना.

"तुमची लय पक्की आहे," मास्तर शेवटी म्हणाले. "पण माझ्या पेटीत ती नाही. घरी कोणासंग वाजवता तुम्ही?"

"एकटाच असतो."

मास्तरांनी लंबक बोटाने थांबवला. "मले तसं वाटलं नाही," ते म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

कापडाची गोष्ट आधी मनकर्णाबाईंच्या लक्षात आली. रोज वाजवून झालं की गिटार त्याच गुंडाळत. संक्रांतीच्या सुमारास सुतळी लागेनाशी झाली. टोकावर टोक चढू लागलं. मग दुसरा वेढा बसला. एकदा पोहे खाताना त्या म्हणाल्या, "कपडा धुतला की आखडते. हा वाढून काहून राहिला जी?"

बाबनराव हसले. मग घास हातातच राहिला.

त्यांनी कापड उजेडात पसरलं. आपण वाकडंतिकडं कापलेली ती कड त्यांना चांगली आठवत होती. ती कडेला नव्हती. कापडाच्या मध्यात एक वाकडी रेघ होती, जखम भरून आल्यावर राहते तशी, आणि तिच्यापुढे जांभळं कापड, लाल काठांसकट, तसंच चालत गेलं होतं. टोकाचे धागे किंचित ओले होते. खळीचा वास येत होता.

"खड्डा बुजवून टाका," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी सांगून राहिली तुमाले. मारोतभाऊले सांगा, मुरूम आणून देतीन."

"मामंजीच असतीन तर?" बाबनराव हळूच म्हणाले. बापाला ते बायकोसमोर तिच्याच शब्दात मामंजी म्हणत.

"असतीन तर काय करावं आपण?"

बाबनराव कापडाची घडी घालू लागले. भीती वाटत होती, ते खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठी एक गोष्ट होती. आता थांबलो, तर गिटार अपुरी राहील आणि लुगडंही दुसऱ्यांदा अपुरं राहील, आणि दोन्ही वेळा कातर माझ्याच हातातली. लुगडं पुरं झालं की म्हाताऱ्याचा जीव सुटेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग आपणही सुटू. मनकर्णाबाईंनी वाद घातला नाही. त्या दिवसापासून मात्र नवरा वाजवत असताना त्या त्याच खोलीत, पाठ भिंतीला लावून, काहीतरी निवडत बसू लागल्या.

खाली आता दोन्ही पाय दबत. डावा, उजवा, डावा, उजवा. कधी बाबनरावांची बोटं अडखळत, तेव्हा पाय थांबत नसत. पुढे जात. त्यांना धावत जाऊन गाठावं लागे.

होळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी सकाळी ते बसले. कापड बाजूच्या फळ्यांवर घडी करून ठेवलेलं होतं. मनकर्णाबाई तूरडाळ निवडत होत्या. बाहेर कल्हईवाला ओरडत गेला.

धून सुरू झाली. मधलं वळण आलं.

बोटं घसरली नाहीत.

त्यांच्याही ध्यानात यायच्या आत वळण मागे पडलं. पुढची वाट सोपी होती. शेवटचा सूर लागला, लांबला, विरला.

पाय थांबले.

आयुष्यात पहिल्यांदा बाबनरावांनी एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत केली होती. त्यांना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही. मनकर्णाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग दोघांनी घडी उलगडली. लुगडं पुरं होतं. नऊ वार, दोन्ही काठ सरळ, आणि शेवटी लाल पदर.

"झालं," बाबनराव म्हणाले. "सुटले."

बापाच्या सवयीने त्यांनी कापड उलटं केलं आणि मागच्या बाजूने बोट फिरवलं. वाकड्या रेघेपर्यंत गाठी हाताला लागतच नव्हत्या, इतक्या साफ. नत्थूजींच्या. रेघेनंतरची पहिली गाठ बोटाला टोचली. मग दुसरी. मग पुढची. थेट पदरापर्यंत.

सगळ्या उलट्या होत्या.

"काय झालं जी?"

"हे त्यांनं नाही विणलं," ते म्हणाले. "म्या विणलं."

मनकर्णाबाई पदराच्या टोकाकडे पाहत होत्या. तिथे कापड संपत होतं, धागे संपत नव्हते. पदराच्या प्रत्येक सुट्या धाग्याला एकेक नवा धागा जोडलेला होता. रंग हिरवा. बाबनरावांनी गाठींवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. गाठी सरळ होत्या, साफ, आणि ओल्या.

हिरवे धागे फळ्यांवरून जात होते आणि खड्ड्याच्या काठावरून खाली उतरत होते. मनकर्णाबाईंनी एक धागा चिमटीत धरून ओढून पाहिला. तो ताठ होता.

त्या उठल्या आणि कोनाड्यातली कातर घेऊन आल्या. "तोडू काय?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ टाकू का विचारावं तसा. "तुम्ही फक्त हो म्हणा."

बाबनरावांनी त्या साफ गाठींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. जन्मभर ज्याची वाट पाहिली, तो बापाच्या हातचा जोडलेला ताणा समोर पडला होता. त्यांनी बायकोच्या हातून कातर घेतली, उठून कोनाड्यात नेऊन ठेवली आणि परत येऊन बसले. गिटार मांडीवर घेतली. खिडकीतलं ऊन हातांवर पडलं होतं.

त्यांनी पाय खड्ड्यात सोडले. डावी पावडी आधीच दाबलेली होती.