खर्जीचा श्वास

या वयात थापा मारून मला काही मिळायचं नाही. ही गोष्ट माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची आहे आणि घडली तशीच सांगते आहे. पटली तर घ्या, नाहीतर म्हातारीची बडबड म्हणून सोडून द्या.

थंडीचे दिवस होते. उन्हं उतरत आलेली. जागा म्हणजे रंगकामासाठी बंद ठेवलेलं एक जुनं नाट्यगृह. खुर्च्यांवर कापडं टाकलेली, ओल्या चुन्याचा वास, आणि रंगमंचावर एकच दिवा.

धाकटी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. जन्मभर कोरसमध्ये गायली. नाव दुसऱ्याचं, गळा हिचा. तिच्या शेजारी नेहमी एकच बाई उभी असायची. तिचा आवाज खालचा, भरदार, म्हणून सगळे तिला खर्जी म्हणत. दोघी एका माइकवर गायच्या. हेडफोन एका कानावर, दुसरा कान उघडा, शेजारणीचा सूर ऐकू यावा म्हणून. कोरसवाल्यांची ती सवयच.

खर्जीची एक खूण होती. ओळ उचलायच्या आधी ती नाकानं जोरात श्वास घ्यायची. त्या श्वासावर धाकटी गाणं उचलायची. इतकी वर्षं.

मग खर्जी गेली. आजारी पडली आणि बघता बघता गेली.

त्यानंतर धाकटीची प्रत्येक ओळ उशिरा पडू लागली. केसभरच. पण ध्वनिमुद्रणात केसभर म्हणजे कोसभर. हळूहळू बोलावणी बंद झाली.

"ही शेवटची ऑडिशन," निघताना ती मला म्हणाली. "इथं नाही जमलं तर पेटी माळ्यावर टाकते आणि गप्प बसते. दमले गं ताई."

नाटक नव्या पद्धतीचं होतं. तबला-पेटी नाही, गिटार आणि ड्रम. रॉक संगीत. गोष्ट मात्र ग्रीक पुराणातली. एका गवयाची बायको मरते. तो गात गात पाताळात जातो. तिथल्या राजाला पाझर फुटतो. 'घेऊन जा तिला, पण वर पोचेपर्यंत मागं वळून पाहू नकोस.' गवई वळतो... आणि ती कायमची जाते. दिग्दर्शकानं उलट केलं होतं. त्याच्या नाटकात गाणारी बाई होती आणि मेलेला नवरा.

दारात एक मुलगी डोळे पुसत बाहेर येत होती.

"काकू, तुम्हीपण? आईच्या भूमिकेसाठी का?"

"नाही गं, तुझ्याच भूमिकेसाठी. रडू नको, काजळ गालावर आलंय."

मुलगी रडता रडता हसली. "सगळ्याजणी वळल्या, काकू. वळायचं नाही म्हणतात, पण... राहवतच नाही."

आत दिग्दर्शकानं समजावलं. वय कोवळं, बोलणं करडं.

"ताई, मागच्या भिंतीपासून गात गात पुढच्या कडेपर्यंत यायचं. तुमच्या मागून हा लंबू चालेल. वाद्यं हेडफोनमध्ये ऐकू येतील. मध्ये सगळी वाद्यं थांबतात. त्या शांततेनंतर ओळ तुम्हीच उचलायची. आणि वळलात की संपलं."

लंबू म्हणजे त्याचा सहायक. ताडमाड, पायात जड बूट. "घाबरू नका ताई, मी काही चावत नाही," म्हणून तो तिच्या मागं जाऊन उभा राहिला.

गाणं सुरू झालं.

धाकटी चालू लागली. सवयीप्रमाणे तिनं हेडफोन एका कानावरून सरकवला. उघड्या कानात मागचे बूट वाजत होते. धप्प... धप्प...

बरं वाटलं तिला. आहे कुणीतरी.

अर्ध्या वाटेवर बुटांचा आवाज थांबला.

आणि दुसरा आवाज सुरू झाला... चपलांचा. हलका. जरासा फरपटत.

लंबूनं बूट काढले असतील, तिला वाटलं. ती गात राहिली. मान सरळ.

मग तिची नजर खाली गेली.

पहिल्या रांगेत लंबू बसला होता. हातात चहाचा पेला.

ती दिग्दर्शकाची युक्ती होती. लंबू अर्ध्यातून गुपचूप बाजूच्या पायऱ्यांनी उतरून जायचा. मागं कुणी नाही असं वाटलं की मुली वळायच्या.

पण धाकटीच्या मागं पावलं वाजतच होती.

तेवढ्यात वाद्यं थांबली. ती शांतता आली.

हीच ती जागा. इथंच ती चुकणार, हे तिला ठाऊक होतं.

आणि मागून...

नाकानं घेतलेला एक जोरदार श्वास.

धाकटीनं ओळ उचलली. नेमकी. केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. आणि तिच्या सुराखाली दुसरा सूर लागला. खालचा, भरदार. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती गात होती.

लंबूचा पेला ओठांपाशी तसाच थांबला होता. तो धाकटीकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यामागं बघत होता.

गाणं संपलं. ती कडेला येऊन थांबली.

आणि कानाशी कुणीतरी म्हणालं...

"वळ ना."

तिची मान ताठ. वळली तर भूमिका गेली. वळली नाही तर...

ती वळली नाही.

"झकास!" दिग्दर्शक उठून उभा राहिला. "सापडली! ताई, तुम्ही ओळ कशी उचललीत हो?"

"सवय," एवढंच म्हणाली ती.

लंबूला तिनं नंतर विचारलं, काय बघत होतास? तो म्हणाला, "दिवा लुकलुकत होता, ताई." पण दुसऱ्या दिवसापासून तो कुणाच्याही मागं चालायला तयार झाला नाही.

नाटक दणक्यात चाललं. मात्र नाटकातली बाई शेवटी वळतेच. कथाच तशी. प्रत्येक प्रयोगात धाकटीला वळावं लागे.

ती वळायची... डोळे घट्ट मिटून.

लोक म्हणायचे, काय अभिनय आहे! दिग्दर्शकानं तर ते संहितेतच लिहून टाकलं.

मी एकदा न राहवून बोलले, "अगं, एकदा उघडायचे होतेस डोळे. खर्जीच होती ना मागं, जन्माची मैत्रीण तुझी."

तिनं पेटीचं झाकण लावलं. मग थकल्या आवाजात म्हणाली, "ताई, श्वास खर्जीचा होता. गाणंही तिचंच. तिचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन."

"मग?"

"'वळ ना' म्हणाली... ती खर्जी नव्हती."