रिकाम्या नळीचे कण

विश्वाचे नियम सगळीकडे सारखेच लागू असतात, असं मी उभी हयात शिकवलं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ते जरा पडून घेतात, हे निवृत्तीनंतर कळलं.

प्रणाली माझी जुनी विद्यार्थिनी, उमरेडच्या विणकर घरातली. त्या दुपारी पीएचडीचे बाहेरचे परीक्षक प्रयोगशाळेत तिचं यंत्र बघायला यायचे होते. धीर द्यायला मला बोलावलं होतं. केसाएवढ्या काचेच्या नळीतून साखरपाणी येतं, टोकाला हजारो व्होल्ट. पाण्याचा टोकदार शंकू होतो, त्यातून डोळ्यांना न दिसणारे थेंब उडतात. पाणी वाळतं, साखरेचे कण उरतात. सगळे एका मापाचे हवेत. तिचे कधी मोहरी, कधी बोर. आजही तसेच आले तर परीक्षक सही न करता जाणार.

"कूलर बंद कर वं. दमट हवेनं शंकू थरथरते."

"केव्हाचाच बंद आहे, सर."

नळी धुवायला तिनं साखरपाण्याची बाटली काढली. मोजणीच्या पडद्यावर कण येतच राहिले. सगळे सारखे.

"बाटली तर माझ्या हातात आहे," ती म्हणाली.

मी व्होल्टेजचा प्लग उपटला. नळीचं टोक कोरडं ठाक. आकडा मात्र हळूहळू चढला, उतरला, शून्यावर थांबला. पुन्हा चढला.

"आपला श्वास असंल," मी म्हणालो. दोघांनीही नाकतोंड दाबून धरलं.

आकडा चढला.

उतरला.

थांबला. पुन्हा चढला.

"आमच्याकडे मागावरच्या उभ्या सुतावर, ताण्यावर, असंच पाणी मारत," प्रणाली हळू आवाजात म्हणाली. "तोंडात घ्यायचं अन् फुंकायचं. थेंब सारखे पडाले पायजे, नाही तर सूत तुटते."

"कोण मारे?"

"बाबा."

तिच्या बाबांच्या तेरवीला मी जेवून आलो होतो.

दारात बूट वाजले. परीक्षक पडद्यावर वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले.

"इतके एकसारखे कण मी पाहिले नव्हते. द्रावण कशाचं?"

प्रणालीनं बाटली ओढणीआड धरली. "साखरेचं, सर."

त्यांनी तिथंच सही केली आणि चहाला गेले.

मी यंत्रासमोरच्या बाकावर टेकलो. डाव्या बाहीवर गार, बारीक तुषार बसले होते. झटकायला हात उचलला.

"सर, जरा सरकून बसा ना," प्रणाली म्हणाली. "त्यायले अडचण होऊन राहिली."